शिफ्रा जाऊबाईंचा मातीचा पेला

माझ्या थोरल्या जाऊबाई शिफ्रा लग्न होऊन अक्को बंदरात आल्या त्या दगडाचे चार पेले आणि दगडाचा एक रांजण घेऊन. त्यांचं माहेर गालीलच्या डोंगरातलं. वडील पांढरा मऊ दगड कोरून भांडी करायचे, आणि घरातल्या पोरींच्या वेण्यांतसुद्धा त्याची भुकटी असायची म्हणे. मी त्या घरात धाकटी सून म्हणून तीन वर्षांनी आले. तोवर अंगणाच्या कोपऱ्यात खापरांचा ढीग झाला होता, आणि तो उचलणं हे सासरचं माझं पहिलं काम.

खापरं कसली, तर जाऊबाईंनी फोडलेल्या भांड्यांची. मातीच्या भांड्याला विटाळ झाला की ते फोडायचं, असं मोशेच्या नियमशास्त्रात आहे. धुऊन भागत नाही, कारण माती सगळं शोषून घेते. दगडाला मात्र काही लागत नाही. हे आम्हा यहुद्यांना सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण अक्को हे बंदर. इथे गल्लीत निघालं की परजातीच्या दहा माणसांचा धक्का लागतो, आणि आमच्यासारखी माणसं थोडा कानाडोळा करून दिवस काढतात. जाऊबाईंना कानाडोळा जमत नसे. एकदा तेलवाल्या सीरियन म्हाताऱ्यानं मापताना आमच्या बुधल्याला बोट लावलं, तर त्यांनी तेलासकट बुधला उकिरड्यावर आपटला. पहिल्या वर्षात एकोणीस भांडी गेली. थोरले दीर हसून म्हणायचे की कुंभार दर शब्बाथला माझ्या बायकोच्या आयुष्यासाठी प्रार्थना करतो.

हे सगळं मी आधीच सांगते, कारण पुढे त्यांनी जे केलं ते ऐकून लोक म्हणतात, असेल कोणी सैल वागणारी बाई. सैल तर मी होते. त्या कधीच नव्हत्या.

थोरले दीर तापानं गेले तेव्हा जाऊबाईंचं वय असेल पस्तीस. मूलबाळ नव्हतं. दुःखाचे सात दिवस आमचे नातलग आले, बसले, उसासे टाकून गेले. आठव्या दिवसापासून कोणी फिरकलं नाही. त्यानंतरही रोज भाकरी घेऊन येत राहिली ती दोनतीन माणसं, गालीलच्या येशूला मानणारी. होती आमच्याच जातीची, आमच्याच सभास्थानात बसणारी, पण लोक त्यांना जरा वेडसर समजायचे. ती महिनाभर आली. जाऊबाईंच्या शेजारी बसून ती त्यांच्या गावाकडच्या त्या माणसाबद्दल बोलायची: तो कोणाबरोबर जेवला, कोणाला हात लावला, कसा मारला गेला आणि देवानं त्याला कसं उठवलं. जाऊबाई ऐकून घ्यायच्या. मग एक दिवस त्या म्हणाल्या की पुढचं जेवण माझ्याकडे. तेव्हापासून आठवड्याच्या पहिल्या दिवशी, दिवस कलायच्या आत, आमच्या घराच्या त्यांच्या अर्ध्या भागात सगळी जमायची. आधी भाकरी मोडायची, मग द्राक्षारसाचा एकच पेला हातोहात फिरायचा. मीही जायला लागले. श्रद्धेनं गेले म्हटलं तर खोटं होईल. तिथे मसुराची आमटी फार चांगली असायची. श्रद्धा नंतर आली, हळूहळू, मलाही न विचारता.

बातनोआम आली त्या वर्षी खरी कुरबूर सुरू झाली. ती फिनीकी बाई, बंदरावर मासे खारवायच्या हौदांवर कामाला. खवले असलेले, नसलेले, वाम, शिंगाळा, नियमानं निषिद्ध म्हणून आम्ही ज्यांचं नावही जेवताना घेत नाही ते सगळे तिच्या हाताखालून जायचे. ती गल्लीच्या तोंडाशी आली की वास आधी दारात यायचा. तिनं येशूचं ऐकलं, तिला पटलं, आणि तिनं घरातली अश्तार्त देवीची मूर्ती नेऊन समुद्रात टाकली. तिसऱ्या दिवशी एका कोळ्याच्या जाळ्यात ती सापडली, त्यानं ओळखली आणि मोठ्या भक्तिभावानं तिच्या दारात आणून ठेवली. मग बातनोआमनं होडी करून लांब आत जाऊन ती पुन्हा टाकली. ही गोष्ट ती स्वतःच पोट धरून हसत सांगायची.

तिला बाहेर काढा असं कोणी म्हणेना, कारण येशूचं नाव घेणाऱ्याला दारातून कसं हाकलणार. पण तिच्या तोंडाचा पेला आपल्या तोंडाला कसा लावायचा? आमच्यातले दोघंतिघं यायचे थांबले. तेव्हा तोड काढली ती जाऊबाईंनीच. मातीचा पेला ठेवून द्यायचा आणि माहेरचा दगडी पेला काढायचा. दगडाला विटाळ नाही. आधी आपण सगळ्यांनी प्यायचं. शेवटी बातनोआमच्या हातातल्या दगडी पेल्यात वरून धार धरायची, म्हणजे सुरईलाही काही व्हायला नको. भाकरीचा तुकडाही तिच्या ओंजळीत वरूनच सोडायचा. सगळे खूश झाले. नियमही राहिला आणि बातनोआमही राहिली. जाऊबाईंना तर आपल्या बापाचं कसब देवाच्या कामी आलं असं वाटून डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पाहिलंय.

दोन वर्षं असंच चाललं. बातनोआम उंबऱ्याशी बसायची, शेवटी प्यायची, खुशीत जायची.

आता माझ्या चुकीचं सांगते. एका सकाळी विहिरीवर मी पाणी भरून उभी होते. कंबर धरली होती. बातनोआमनं लांबून पाहिलं, धावत आली आणि मी तोंड उघडायच्या आत माझी घागर दोन्ही हातांनी उचलून माझ्या खांद्यावर ठेवली. घागर नवी होती, तीनच दिवसांची. विहिरीवर आमच्या सभास्थानातल्या चार बायका उभ्या होत्या आणि चारीजणी माझ्याकडे बघत होत्या. मी घागर उतरवली आणि दगडावर आपटून फोडली.

बातनोआम बघतच राहिली. तिनं विचारलं, काय चुकलं? माझी कंबर दुखत होती, मला लाज वाटत होती, नवी घागर गेली होती, आणि या सगळ्याचा राग काढायला ती समोर होती. मी म्हणाले, "तू हात लावलास ना. तुझा हात लागला की माती बाटते. म्हणून तर तुला जाऊबाई दगडाच्या पेल्यात देतात."

तिनं खाली खापरांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, मान म्हणून देता."

दोन वर्षं हौदावरच्या सगळ्या बायकांना तिनं सांगितलं होतं की त्या यहुद्यांच्या घरी मला मातीच्या भांड्यात देत नाहीत, खास कोरलेल्या दगडी पेल्यात देतात, आणि सगळ्यांत शेवटी, पाहुण्यासारखं, घरातली बाई स्वतः वाढते. हे तिनं मला तिथेच सांगितलं, पायाशी खापरं पडलेली असताना. मग ती निघून गेली आणि पुढच्या जेवणाला आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही.

जाऊबाईंनी मला विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं. वाटलं होतं की कानाखाली बसेल. त्या फक्त म्हणाल्या, "तू खोटं काय सांगितलंस?" आणि तिथेच बसल्या. त्या दिवशी त्यांनी भाकरी थापली नाही. दुपारभर तो दगडी पेला मांडीवर घेऊन त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या. मी दोनदा जेवायला बोलावलं, तर ऐकूही गेलं नाही. संध्याकाळी उठल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि बंदराकडे चालायला लागल्या. मीही मागून गेले. काळजी होती, आणि खरं सांगायचं तर उत्सुकताही होती, कारण परजातीच्या घराचा उंबरा त्यांनी जन्मात ओलांडला नव्हता.

बातनोआमची खोली हौदांच्या मागे होती. जाऊबाई दारात क्षणभर थांबल्या, मग आत गेल्या. मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. आतलं सगळं दिसत होतं. बातनोआम उठली नाही. तिनं कोनाड्यातून एक पेला काढून जाऊबाईंच्या पुढे ठेवला. दगडाचा. कडेला टवका उडालेला, कुठल्यातरी बाजारात मिळालेला.

ती म्हणाली, "घे. तुझ्यासाठीच आणून ठेवला होता. कधी आलीस तर तुला मान द्यायला. तू येणारच नव्हतीस ते मला कुठे माहीत होतं."

एरवी ती जाऊबाईंना तुम्ही म्हणायची.

जाऊबाईंनी तो पेला बाजूला सारला आणि तिच्या मातीच्या माठाकडे बोट दाखवून म्हणाल्या की मला त्यातलं पाणी दे. माठावर मातीचाच ओगराळा होता. बातनोआमच्या तोंडावर काही हललं नाही. ती म्हणाली, "इथे पिऊन काय उपयोग? इथे तुला कोण बघतंय? तुझ्या घरी मला तुझ्या मातीतलं दे. सगळ्यांच्या समोर दे. मग येते."

जाऊबाई बरं म्हणाल्या आणि उठल्या.  वाटेत मी विचारलं, खरंच देणार का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढची सगळी वाट गप्प चालले.

आमच्या घरात बातमी लपत नाही. माझे यजमान योएझेर, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, यांना येशूचं काही देणंघेणं नव्हतं. वहिनी विधवा आहे, चार माणसं येतात, मन रमतं, इतकंच ते धरून चालायचे. पण अंगण एक, तंदूर एक, विहिरीचा दोर एक. त्यांनी स्वच्छ सांगितलं की तुमच्या मातीला त्या बाईचं तोंड लागलं तर आपली चूल एक राहणार नाही, मी मधून भिंत घालीन, आणि तंदूर माझ्या बाजूला येईल. तंदूर नसलेलं घर म्हणजे काय ते बाईमाणसालाच कळतं. दर भाकरीसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. जाऊबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घाला, भाऊजी. पाया नीट खणा, पावसात खचायला नको." दुसऱ्या दिवशी यजमानांनी खरंच दगड आणून अंगणात रचले. रोज येता-जाता आम्ही त्याला वळसा घालत होतो.

त्यातच जाऊबाईंचे थोरले भाऊ नेहुन्या गालीलहून आले. वडिलांमागे भांड्यांचा धंदा तेच बघत होते, आणि येशूच्या माणसांत तिकडे त्यांच्या शब्दाला वजन होतं. येताना बहिणीसाठी सहा नवे पेले घेऊन आले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी माझ्या यजमानांसारखा आवाज चढवला नाही. बहिणीला जवळ बसवून समजावलं. ते म्हणाले, त्या बाईला कोण हाकलतंय? तिनं यावं, बसावं, प्यावं. दगडात प्यावं. तिच्या आत्म्याला त्यानं काय कमी पडतं? तू मातीचा हट्ट धरलास तर निम्मी माणसं येणार नाहीत, माझ्याकडची माणसं तर तुझ्या हातचं पाणीही घेणार नाहीत. एका बाईसाठी वीसजण तोडणार का? सगळं इतकं शहाणपणाचं होतं की मी मनातल्या मनात मान डोलावत होते.

जाऊबाईंनी विचारलं, "दादा, तुम्ही जेवलात त्याच्याबरोबर. येशूबरोबर. तुम्ही सांगितलं होतंत मला. जकातवाल्याच्या घरी, जिथे आपलं कोणी पाय ठेवत नाही. तेव्हा पेला कसला होता?"

नेहुन्यादादा जरा गडबडले. म्हणाले की आठवत नाही. कोण लक्ष देतं तिकडे तेव्हा.

"तेच," जाऊबाई म्हणाल्या. "लक्षात राहण्यासारखं काही नव्हतं."

मग दादांना राग आला. ते म्हणाले की बाबांनी आयुष्यभर हा दगड कोरला, त्यात त्यांची छाती भुकटीनं भरली, ते खोकून खोकून गेले, आणि तू त्यांच्याच हातच्या पेल्याला लाजतेस? मला वाटलं, आता जाऊबाई मोडतील, कारण बापावर त्यांचा फार जीव. त्यांचे ओठ हललेही. पण त्या जे बोलल्या ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"दगडाला काही लागत नाही, दादा. मला लागायला हवं होतं. ती दोन वर्षं माझ्या उंबऱ्याशी बसली आणि मला काही लागलं नाही."

 जाऊबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा बंदरावर गेल्या. बातनोआम हौदात उतरलेली होती, कोपरापर्यंत मिठात. जाऊबाईंनी काठावरूनच सांगितलं की आठवड्याच्या पहिल्या दिवशी ये, दिवस कलायच्या आत. बातनोआमनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, वर पाहिलंही नाही. तिथून जाऊबाई थेट कुंभाराकडे गेल्या आणि एक साधा पेला घेऊन आल्या. कुंभाराला वाटलं असणार, पुन्हा काहीतरी फुटलं.

पहिला दिवस आला. एरवी वीस-बावीस माणसं व्हायची. त्या दिवशी नऊ आली. नेहुन्यादादा होते. बहीण ऐन वेळी कच खाईल अशी त्यांना आशा असावी. माझे यजमान तंदुरापाशी, रचलेल्या दगडांवर बसून होते. उघड्या दारातून त्यांना सगळं दिसत होतं, आणि मला ते दिसत होते. आमटी झाली, भाकरी झाली. ऊन भिंतीवर चढत गेलं. बातनोआमचा पत्ता नव्हता. एकानं सुचवलं की सुरुवात करू. जाऊबाई म्हणाल्या की थांबू. पुन्हा थोड्या वेळानं कोणीतरी घसा खाकरला, तेव्हाही त्या तेच म्हणाल्या. आमटीवर साय धरली. मला मनातून वाटत होतं की ती नाही आली तर बरंच होईल. जाऊबाईंनी शब्द पाळला असं होईल, भिंतही होणार नाही, सगळ्यांचं राहील. देवानं मला क्षमा करावी, मी तशी प्रार्थनासुद्धा केली.

मग गल्लीच्या तोंडाशी वास आला.

बातनोआम नेहमीसारखी उंबऱ्याशी बसायला वाकली. जाऊबाई उठल्या, तिचा मनगटापाशी हात धरला आणि तिला आत आणून आपल्या शेजारी बसवलं.  प्रार्थना झाली, भाकरी मोडली, आणि पहिला तुकडा जाऊबाईंनी तिच्या हातात ठेवला, हाताला हात लागेल असा. मग त्यांनी कुंभाराकडचा तो लाल पेला भरला आणि सगळ्यांत आधी तिच्यापुढे धरला.

बातनोआमनं तो घेतला, पण तोंडाला लावला नाही. तिनं विचारलं, "मी प्याल्यावर हा फोडणार ना?"

"धुणार," जाऊबाई म्हणाल्या. "आणि फडताळात ठेवणार. पुढच्या वेळी याच्यातच पिऊ."

बातनोआम प्याली. तिच्या हातून घेऊन जाऊबाई प्याल्या, तिनं जिथे ओठ लावले होते तिथूनच, वळवून न घेता.  पेला नेहुन्यादादांकडे गेला. त्यांनी तो हातात घेतलाच नाही. ते उठले, बहिणीच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि बाहेर गेले. ओसरीवर त्यांनी सहा पेले गोणीत भरले, त्यांचा एकमेकांवर आपटल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. जाऊबाईंचे डोळे भरून वाहत होते, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पेला त्यांच्या हातात तसाच पुढे धरलेला होता, आणि दादा उठून गेल्यावर त्याच्यापुढे मी होते.

मी दारातून पाहिलं. यजमान उभे राहिले होते. त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. बारा वर्षांच्या संसारात त्यांनी नाही म्हटलेलं मी कधी केलं नव्हतं, कारण तशी वेळच येऊ दिली नव्हती. मी पेला घेतला. तो कडेला ओला होता. बातनोआम माझ्याकडेच बघत होती. मी फोडलेली घागर तिला आठवत असणार. मलाही दुसरं काही आठवत नव्हतं.

"धाकट्या बाई," ती हळूच म्हणाली, "माझं उष्टं आहे ते."

"माहीत आहे," मी म्हणाले आणि प्याले.